भाज्य त्यांचे, भाजक माझा

आयुष्यात मी फारसे खोटे बोललो नाही. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही, कारण त्यामागे सचोटी कमी आणि संकोच जास्त होता. मी मुळात बोलतोच थोडे, आणि जे बोलतो ते इतके हळू की समोरच्याला पुन्हा विचारावे लागते. मात्र एकदा फोनवर मला एक साधा प्रश्न विचारला गेला आणि मी 'हो' म्हणालो. त्या वेळी मी पुरेसा स्पष्ट बोललो असणार, कारण पुन्हा विचारले गेले नाही. त्या एका अक्षराचे ओझे पुढे कित्येक उन्हाळे एका वृद्ध गृहस्थांनी वाहिले. ते कुणाचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मला होते.

त्या गृहस्थांना नाशकातले आम्ही सारे आर्किटेक्ट 'सर' म्हणत असू. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी हयातभर उष्णतेचे शास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर नव्या घरांची ऊर्जेची मागणी काढून देण्याचे काम, कुणी सांगितले नसताना, अंगावर घेतले. बांधायच्या आधीच नकाशावरून ते सांगत की हे घर वर्षभरात, राहण्याजोगे गार राहण्यासाठी, किती युनिट मागेल. शर्टाच्या खिशात पेन असावे तिथे त्यांचा तापमापक असे. पेन ते समोरच्याचे मागून घेत आणि परत करायला विसरत. तापमापक मात्र कुणाला हातात देत नसत.

त्यांच्या जुन्या स्कूटरला मागे एक घडीची खुर्ची बांधलेली असे. साइटवर आले की चपला बाहेर काढून ते अनवाणी फरशीवर उभे राहत, मग पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवीत, डोळे मिटीत आणि डॉक्टरच्या गांभीर्याने म्हणत, "ताप आहे." त्यानंतर भर दुपारी, प्लास्टरच्या धुळीत, खुर्ची उघडून बसत आणि झोपण्याचा प्रयत्न करीत. झोप लागली तर खोली पास. एकदा गंगापूर रोडच्या एका अर्धवट बंगल्यात ते इतके गाढ झोपले की गवंड्यांनी घाबरून मला बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा ते जागे होऊन घोरण्याबद्दल गवंड्यांची क्षमा मागत होते आणि वर सांगत होते, "पण खोली मात्र उत्तम हो! अशी झोप मला माझ्या घरी लागत नाही."

घरमालकांना ते जे प्रश्न विचारीत त्यांनी माणसे चक्रावून जात. "पांघरूण कुठल्या महिन्यात बाजूला पडतं? दोघांचं एकाच महिन्यात पडतं की भांडण होतं?" या उत्तरावरून ते त्या कुटुंबाला कितपत गारवा लागतो ते ठरवीत. कुणी जुना नाशिककर म्हणालाच की आमच्या नाशकात पंखासुद्धा लागत नव्हता, तर ते हसून म्हणत, "लागत नव्हता ना? ते नाशिक तुमच्या वडिलांनी प्लॉट पाडून विकलं."

'मागणी' हा शब्द त्यांच्या जिभेवर सतत असे, आणि त्यावरून मखमलाबादला जे घडले ते आमच्या व्यवसायात आजही सांगितले जाते. फुलांची शेती असलेल्या एका कुटुंबाचे घर मी बांधत होतो. सरांनी त्यांच्याकडे फोन केला. तो घरातल्या आजींनी उचलला. सर म्हणाले, "रविवारी मागणी घेऊन येतो." रविवारी आम्ही दोघे गेलो तो दारात रांगोळी, बैठकीवर नवी चादर, आणि घरातली मुलगी साडी नेसून कांदेपोह्यांचे ताट घेऊन उभी. सरांनी पोहे आनंदाने खाल्ले, पुन्हा मागून घेतले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मागणी फार आहे. सगळा त्रास पश्चिमेकडून आहे."

आजी पदर सावरून म्हणाल्या, "आम्हाला न्हाय बाई जमायचं लय मागितलं तर. पन पश्चिमेकडं कोन राहतं त्यांचं? आत्या का?"

"आत्या नाही, सूर्य," सर म्हणाले.

"आन् पोरगा काय करतो?"

एवढे झाल्यावर मुलीच्या वडिलांना उलगडा झाला आणि त्यांना ठसका लागला. ती मुलगी तर आत पळून गेली आणि तिचे हसणे स्वयंपाकघरातून बराच वेळ ऐकू येत राहिले. सर खजील झाले नाहीत. परतताना ते मला म्हणाले, "आजींचं काही चुकलं नाही. पाहुण्यांची मागणी आधी विचारतात की नाही? घराची पण तशीच विचारावी. एकदा घरात घेतल्यावर काय उपयोग?"

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. मागणी घराची असते, वापर माणसाचा. बिल येते ते वापराचे; ते पाहून घराला शिव्या देऊ नयेत, आणि मागणी कमी म्हणून दिवसभर दारे उघडी टाकून गारव्याचे यंत्र चालवू नये. शिवाय लहान घर कमी खाते यात कसले शौर्य? म्हणून वर्षाची मागणी घराच्या क्षेत्रफळाने भागायची आणि दर चौरस मीटरला किती युनिट पडतात ते पाहायचे, म्हणजे मोठे घर आणि लहान घर एका तराजूत येतात. "आकडा एकटा आला ना," ते म्हणत, "तर त्याला दारातच उभं करा आणि विचारा, बाबा रे, तुला कशाने भागलंय?"

हा प्रश्न त्यांना फार महत्त्वाचा वाटे, कारण आमच्या धंद्यात एकाच घराची क्षेत्रफळे अनेक असतात. भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष पाय ठेवता येईल अशी खोल्यांची फरशी ती कार्पेट. भिंती धरल्या की बिल्ट-अप. जिना, पोर्च, गाडीची जागा, गच्चीचा वाटा असे सारे मिळवले की सुपर बिल्ट-अप. भागायचे ते कार्पेटने, कारण गारवा लागतो तो खोल्यांना. पोर्चमधल्या मोटारीला नाही.

आणि या भागाकारासाठी सरांनी स्वतःपुरता एक नियम केला होता, जो मी अन्यत्र कुठे पाहिला नाही. एका आकड्यात दोन माणसे असलीच पाहिजेत. वर्षाची एकूण मागणी, म्हणजे भाज्य, ते काढीत. क्षेत्रफळ, म्हणजे भाजक, आर्किटेक्टने स्वतःच्या तोंडाने सांगायचे. एकाच माणसाने दोन्ही काढले की तो स्वतःच्या आकड्याच्या प्रेमात पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. नकाशा त्यांच्यापुढे पसरलेला असे. भिंत, काच, स्लॅब, खिडकीची दिशा, सगळे ते त्यावरून मोजीत, पण खोल्यांची बेरीज करीत नसत. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, "अहो, शेजारी जेवायला बसलेल्याच्या ताटातलं मी चाखून बघतो का? भाज्य माझं, भाजक तुमचा."

माझ्या हळू बोलण्याची ते फार थट्टा करीत. त्यांना तेव्हाच थोडे कमी ऐकू येऊ लागले होते. "आर्किटेक्टसाहेब, तुम्ही कार्पेटमध्ये बोलता," ते कानामागे हात धरून म्हणत. "जरा सुपर बिल्ट-अपमध्ये बोला." मी ओशाळून आवाज किंचित वाढवी आणि ते म्हणत, "हां, आता निदान पोर्चपर्यंत आला."

त्यांचे वर्णन करताना मी आनंदाने रेंगाळतो आहे, हे माझ्या लक्षात येते आहे. कारण यानंतर जे सांगायचे आहे त्यात सर नेहमीसारखेच आहेत. मी मात्र नाही.

त्र्यंबक रोडला एका ताईंचे घर मी करीत होतो. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सारे भाऊ म्हणत, एके काळी कबड्डीचे प्रशिक्षक. त्यांना नसांचा एक आजार जडला होता. त्या आजाराचे विचित्र असे की अंग तापले की पाय ऐकेनासे होत. गारव्यात काठीशिवाय चालणारे भाऊ उकाड्यात खुर्चीतून उठू शकत नसत. "माझे पाय सरकारी नोकर आहेत," ते म्हणत, "उन्हाळ्यात रजेवर जातात." ते नवे घर भाऊंच्या पायांसाठीच बांधले जात होते.

सरांना हे कळले तेव्हा त्यांनी पांघरुणाचा प्रश्न विचारला नाही. ते भाऊंच्या शेजारी खुर्ची टाकून सबंध दुपार बसले आणि कुठल्या तापमानाला भाऊंचा पाय जड होतो ते खिशातल्या तापमापकावर पाहून ठेवले. आकडा सर्वसाधारण माणसासाठी नव्हे, भाऊंसाठी काढायचा असे त्यांनी ठरवले. हद्दही सांगून ठेवली. तिसाच्या खाली आला तर घर शहाणे. वर गेला तर भाऊंच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून लाकडी झडपा, त्यात तडजोड नाही.

झडपा ताईंना नको होत्या. त्या खिडकीतून अंजनेरीचा डोंगर दिसणार होता, आणि ज्या माणसाला बाहेर जाता येत नाही त्याच्यापुढचा डोंगर झाकायचा ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती. त्या मला शांतपणे म्हणाल्या, "झडपा लावाव्याच लागणार असतील तर मी दुसऱ्यांचा नकाशा बघते. ते म्हणतात, त्याशिवाय जमेल." मला ते काम हवे होते. त्या वर्षी माझ्या हातात दुसरे काम नव्हते, हे खरे आहे. परंतु तेवढेच कारण सांगितले तर तो माझा स्वतःवर उपकार होईल. मला माझ्या नकाशाचे कौतुकही होते. त्या खिडकीचे तर विशेष.

मग सरांचा फोन आला. "भाज्य तयार आहे," ते म्हणाले, आणि भाजक हाती येण्याआधी भाज्याबद्दल न बोलण्याचा आपला नियम प्रथमच थोडा मोडून पुढे म्हणाले, "जरा जड आलंय हो. मला काळजी वाटतेय. भाजक सांगा."

माझ्यासमोर कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप अशी दोन्ही क्षेत्रफळे होती. मी मोठे सांगितले.

त्यांनी ते लिहून घेतले. मग त्यांनी विचारले, "कार्पेटच ना?"

"हो," मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला. ते इतके आनंदात होते की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "सव्वीस! सव्वीस आला! मी उगाच घाबरलो. झडपा रद्द. भाऊंना म्हणावं, डोंगर बघा!" खरा आकडा बेचाळीस होता. मी त्या दिवशीच तो काढला, पाहिला आणि मनाची अशी समजूत घातली की सारे नाशिक सुपर बिल्ट-अपनेच विकले जाते, मी काही जगावेगळे केले नाही.

वास्तुशांतीला सरांनी स्वतः ताईंना सांगितले, "खिडकी उघडी ठेवा, बिनधास्त. मी सांगतो." मी तिथेच, श्रीखंडाची वाटी हातात घेऊन, उभा होतो.

पहिल्याच उन्हाळ्यात, एका कलत्या दुपारी, ताई भाजी आणायला गेल्या असताना ऊन त्या खिडकीतून थेट आत आले. यंत्र चालू होते, पण खोली त्याला आवरेना. भाऊ पडदा ओढायला उठले आणि पायांनी दगा दिला. ताई परतल्या तेव्हा ते तापलेल्या फरशीवर पडलेले होते. मांडीचे हाड मोडले होते. त्यानंतर भाऊ वॉकरशिवाय कधी चालले नाहीत.

मी रुग्णालयात गेलो तेव्हा सर आधीच तिथे होते. ताई रागावल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुमचा आकडा चुकला बहुतेक." सरांनी मान हलवली. "चुकला. कुठे चुकला ते शोधतो." भाऊ पलंगावरून म्हणाले, "सर, चढाईला गेलो आणि आउट झालो." कुणीही हसले नाही. माझ्याकडे कुणी पाहिलेदेखील नाही, आणि त्याचे मला त्या क्षणी बरे वाटले. ही गोष्ट मी इतकी वर्षे स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

महिन्याभरात मी त्या खिडकीला झडपा बसवून दिल्या. डोंगर दिसावा म्हणून त्यांच्या फळ्या तिरप्या फिरतील अशा केल्या. असे करता येते हे मला आधीही ठाऊक होते. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." हे वाक्य मी स्वीकारले. शिक्षा म्हणून स्वीकारले असे म्हणायला मला आवडेल, पण तेव्हा मी ते फक्त स्वीकारले.

सरांनी त्यानंतर कुणाला आकडा दिला नाही. लोक नकाशे घेऊन येत तेव्हा ते म्हणत, "आधीची एक चूक सापडायची आहे." दर उन्हाळ्यात ते खुर्ची बांधून ताईंकडे जात. काचेची जाडी पुन्हा मोजीत. एकदा त्यांनी भिंतीला भोक पाडून आतली वीट पाहिली. एकदा दिशा चुकली असेल म्हणून होकायंत्र आणले. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून ते बाहेर उभे राहत आणि रस्त्यावरची माणसे त्यांना पाहून हसत. त्यांनी सारे तपासले. भाजक मात्र तपासला नाही. ते माझे ताट होते.

मी त्यांना टाळू लागलो. रस्त्यात त्यांची स्कूटर दिसली तर दुकानात शिरावे, फोन आला तर वाजू द्यावा. त्यांना आता फोनवर ऐकू येत नाही, असे मी स्वतःला सांगे, आणि ते खरेही होते.

या मे महिन्यात ताईंचा फोन आला. "संध्याकाळी येता का? सर आलेत. म्हणतात, चूक सापडली. तुम्हालाही बोलवा म्हणाले."

मी गेलो. वाटेत माझ्या मनात जे होते त्याला भीती म्हणता येणार नाही. पकडले जाण्यात जी एक सुटका असते तिची मला आशा वाटत होती. भाऊ खिडकीशी बसले होते, वॉकर बाजूला. झडपांच्या फळ्यांमधून डोंगराचे आडवे तुकडे दिसत होते. सर त्यांच्यासमोर आपल्या घडीच्या खुर्चीत होते. ते फार वाळले होते. खिशात तापमापक नव्हता.

"या, आर्किटेक्टसाहेब," ते मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "तुम्ही साक्षीला हवे होतात. भाऊ, मी सगळं तपासलं. भिंत बरोबर, काच बरोबर, दिशा बरोबर. कुठेच चूक नाही. म्हणजे चूक एकाच ठिकाणी असू शकते." त्यांनी आपल्या कपाळावर बोट ठेवले. "इथे. त्या दिवशी भागाकार करताना हे चुकलं असणार. वय झालं होतं, मी कबूल केलं नाही."

"जाऊ द्या हो, सर," भाऊ म्हणाले. "किती वर्षं तेच ते!"

"काय?"

"म्हटलं, मॅच संपली!" भाऊ ओरडले.

"नाही संपली," सर म्हणाले. ते उठले. त्यांनी भाऊंसमोर दोन्ही हात जोडायला उचलले. "भाऊ, तुमचे पाय मी—"

मी त्यांचे हात धरले. ते जोडले जाण्याआधी मधेच धरले. ते हात थंड होते आणि सर माझ्याकडे नवल करून पाहत होते.

"सर, तुमचं चुकलं नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी कान माझ्याकडे केला. "काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हणालो. माझे ओठ हलले असतील. ताई सरबताचे पेले घेऊन दारात थांबल्या होत्या. अजूनही हे आमच्या दोघांत, हळू आवाजात उरकेल, असे मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मला वाटत होते, हे मी कबूल करतो.

सरांच्या चेहऱ्यावर ते जुने, खट्याळ हसू उमटले. त्यांनी एक हात सोडवून कानामागे धरला.

"कार्पेटमध्ये नका बोलू. सुपर बिल्ट-अपमध्ये बोला!"

तेव्हा मी ओरडलो. खिडकी उघडी होती आणि रस्त्यावरून जाणारी माणसे थांबली असतील.

"सर, तुमचं भाज्य बरोबर होतं! भाजक मी खोटा सांगितला! तुम्ही विचारलंत, कार्पेटच ना, आणि मी हो म्हणालो! झडपा माझ्यामुळे रद्द झाल्या, भाऊ माझ्यामुळे पडले! सर, भाऊ, ताई, मला क्षमा करा!"